गारीची हार्ड डिस्क

धनवंताबाईचा निरोप लोकेंद्रने मुर्रीला घरी आणला तेव्हा भूमेश्वरी अंगणात मिरच्या वाळत घालत होती, आणि निरोप त्या मिरच्यांपेक्षा जास्त झोंबला. लोकेंद्र पटले, म्हणजे तिचा नवरा, भोळा माणूस. बोदलकसाला मुलीच्या होणाऱ्या सासरी लग्नाची बोलणी करायला गेला, तिथे जे ऐकलं ते हसत हसत घरी येऊन सांगितलं. नवरदेवाची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, ही धनवंताबाई म्हणाली होती की मुर्रीच्या बायांना गारी येत नाही असं ऐकलंय, तेव्हा लाजू नका, जेवणाच्या वेळी डीजेच लावू.

आता ज्यांना गारी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. वरात जेवायला बसली की नवरीकडच्या बाया व्याह्यांना गाण्यातून शिव्या देतात. त्याच गारी. कुणाच्या मिशीवर, कुणाच्या पोटावर, कुणाच्या कंजूसपणावर. नवरदेवाकडच्या बायाही गप्प बसत नाहीत, गाण्याला गाण्याने उत्तर देतात. एकदा गायलेली गारी त्या दिवशी पुन्हा कुणी गायची नाही. ज्यांच्याजवळची गाणी आधी संपली ते हरले, आणि मग जिकडे जातील तिकडे तीच गोष्ट ऐकत बसायचं.

मागच्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नात मुर्रीच्या बाया अशाच मुक्या झाल्या होत्या. भर पंगतीत. कुणीतरी लाज झाकायला डीजे सुरू केला, आणि त्या पंगतीत पाहुणी म्हणून कोण बसलं होतं? धनवंताबाई. जेवता जेवता ती एवढी हसली की तिला ठसका लागला.

भूमेश्वरीला स्वतःच्या नाकाची फिकीर नव्हती. म्हणजे होती, खोटं कशाला बोला, पण त्याहून मोठी फिकीर आचलची होती. एकुलती एक पोरगी. गोंदियाला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी, घरात तोंड उघडलं की बापाला निरुत्तर करणारी. ती त्या घरात जाणार आणि चुलीपाशी, विहिरीपाशी, सणासुदीला धनवंताबाईच्या तोंडून ऐकणार की तुझ्या माहेरचे मुके. एकदा नाही, जन्मभर. भूमेश्वरी स्वतः आमगावची, तिने सासरी असली एक गोष्ट वीस वर्षं ऐकली होती. ती कोणती ते जाऊ द्या.

"डीजेले नाही म्हणून सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "आन बफे नाही, पंगत बसवा. ताट घेऊन फिरणाऱ्याले गारी ऐकू जात नाही."

गाणी तिच्याजवळ नव्हती असं नाही. उलट, हीच तर भानगड होती. गेल्या सात-आठ वर्षांत भूमेश्वरीने मोबाइलवर जे दिसेल ते उतरवून घेतलं होतं. लग्नाचे व्हिडिओ काढणारी पोरं यूट्यूबवर जे टाकतात ते, महिला मंडळाच्या ग्रुपवर जे येतं ते, फेसबुकवर कुणा अनोळखी बाईने हळद दळताना म्हटलेलं गाणं. चार जुने मोबाइल, मूठभर मेमरी कार्डं आणि पेन ड्राइव्ह एका स्टीलच्या डब्यात, लाडवांच्या डब्याशेजारी. त्यात गारीही होत्या, हळदीची गाणीही, दंडारीच्या नाचाची गाणीही, आणि खरं सांगायचं तर वांग्याच्या भाजीचे अकरा व्हिडिओही होते. यातलं काय कुठे आहे हे देवालाही ठाऊक नव्हतं. नव्या मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, तो दर सकाळी तसा निरोप दाखवायचा आणि ती दर सकाळी त्याला शिव्या घालायची.

दुसऱ्या दिवशी मायलेकी गोंदियाच्या बाजारात इंद्रकुमारच्या दुकानात गेल्या. इंद्रकुमारने काचेवर तीन-चार डब्या मांडल्या. त्याच्या मते भाभीजींनी चार टीबीची मोठी हार्ड डिस्क घ्यावी, एकाच ठिकाणी सगळं, जन्माची फुरसत. भूमेश्वरीने ती हातात घेऊन विचारलं की ही पडली तर काय होतं. तो जरा गडबडला. म्हणाला, यात चकती फिरते, फिरताना पडली तर गेलीच समजा. पडण्याची भीती असेल तर ही बिनचकतीची घ्या, एसएसडी, पण ती महाग. मग तिने विचारलं की वीज गेली तर, ओल लागली तर, आणि पाच वर्षांनी ही आपणहून बंद पडली तर. इंद्रकुमार प्रामाणिक निघाला. तो म्हणाला, "भाभीजी, मशीन है. कभी भी जा सकती है."

"मंग मोठी कायले घेऊ?" भूमेश्वरी म्हणाली. "दोन लहान दे. सारख्या."

आचलने कपाळाला हात लावला. पण भूमेश्वरीचं सरळ होतं. धानाचं बियाणं तिच्या घरी कधी एका ढोलीत ठेवत नसत. अर्धं आपल्या घरी, अर्धं भावकीत दुसऱ्याच्या घरी. इकडे उंदीर लागला, तिकडे छप्पर गळलं, तरी पेरणी चुकत नाही. गाणं काय वेगळं आहे? एक टीबीच्या दोन साध्या डिस्क तिने घेतल्या, टीव्हीला लागतात का ते दुकानातच लावून पाहिलं, आणि दोन्हीची वायर ओढून ओढून तपासली. इंद्रकुमार बघतच राहिला.

आचलने रविवारभर बसून सगळे मोबाइल, सगळी कार्डं दोन्ही डिस्कवर जशीच्या तशी उतरवली. एक डिस्क जुन्या लुगड्यात गुंडाळून भूमेश्वरीने धुरपताबाईच्या पेटीत नेऊन ठेवली. धुरपताबाई म्हणजे तिची चुलत जाऊ, वयाने सासूसारखी, मुर्रीच्या गाणाऱ्या बायांत सगळ्यात जुनी. दुसरी डिस्क घरी राहिली आणि तिच्यावर आचलने हात चालवायला घेतला.

आणि पोरगी कामाची खरी. एकाच गाण्याच्या सात-सात प्रती होत्या, त्या काढल्या. वांग्याची भाजी एका बाजूला केली. गाण्यांना गावांप्रमाणे फोल्डर केले: कामठा, आमगाव, गोरेगाव, देवरी, मुर्री. सर्चमध्ये गावाचं नाव टाकायचं, जे जे येईल ते त्या गावाच्या फोल्डरात, आणि त्या लांबलचक नावांच्या जागी सुटसुटीत आकडे. कामठा एक, कामठा दोन. भूमेश्वरीने पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. पाखडलेल्या तांदळासारखं सगळं स्वच्छ.

मग तिने डोकं लावलं. कामठा कुठे, बोदलकसा कुठे. कामठ्याच्या लग्नातल्या गारी बोदलकसा-तिरोड्याकडच्या बायांनी ऐकल्या असण्याचं कारण नाही. तेव्हा कामठ्याच्या फोल्डरातल्या गारी पाठ करायच्या. दुपारची जेवणं झाली की सात-आठ बाया तिच्या पडवीत जमायच्या, छोट्या स्पीकरवर गाणं लागायचं आणि सगळ्या मागून म्हणायच्या. एकापेक्षा एक गारी. एक तर अशी की व्याही जावयाला पाय धुवायचं पाणीही मोजून देतो. बाया हसून लोळायच्या. पंधरा दिवसांत पडवीला धार आली.

लग्न तोंडावर आलं, तेव्हा एका सकाळी आचलने सहज डिस्क टीव्हीला लावली. मांडवात मोठ्या पडद्यावर काही दाखवता येईल का, एवढंच बघायचं होतं. कामठा एकचा व्हिडिओ सुरू झाला. आजवर त्यांनी त्याचा नुसता आवाज ऐकला होता. पडद्यावर मांडव, मांडवामागे निळं दार, दाराबाजूला वाळत घातलेलं मासे धरायचं जाळं. भूमेश्वरीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हे दार तिने पाहिलं होतं. साखरपुड्याला बोदलकसाला त्याच दारातून ती आत गेली होती. आणि मांडवाच्या मधोमध, पदर खोचून, हात हवेत उडवून गात होती ती धनवंताबाई.

भूमेश्वरीने कप खाली ठेवला आणि टीव्ही बंद केला.

भानगड काय झाली ते तिला एका क्षणात कळलं. सून झालेल्या बाईला तिकडे कुणी नावाने हाक मारत नाही, माहेरच्या गावाने मारतात. भूमेश्वरी स्वतः मुर्रीत आमगाववाली. गाणं उतरवलं की गाणारी कोण हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. व्हिडिओ टाकणाऱ्याला फोन करकरून विचारायची आणि फाइलला तेच नाव द्यायची: कामठावाली गारी, देवरीवाली हळद. आणि जिला कामठावाली म्हणतात ती कामठ्यात कशी सापडेल? ती कामठा सोडून गेली म्हणूनच तर कामठावाली. काही फाइलींवर मात्र यूट्यूबवरचंच नाव होतं, कामठा लग्न, देवरी लग्न, म्हणजे ते खरंच त्या गावचं. आचलच्या सर्चने दोन्हींची खिचडी केली होती आणि वर आकडे टाकून नावंही पुसली होती. धनवंताबाई माहेरची कामठ्याची. म्हणजे पंधरा दिवस मुर्रीच्या बाया धनवंताबाईच्याच तोंडच्या गारी पाठ करत होत्या, धनवंताबाईलाच ऐकवायला! पहिलंच कडवं लावलं असतं आणि ती म्हणाली असती, बाई, दुसरं कडवं मी सांगू का.

आचल रडकुंडीला आली. म्हणाली, नावं तर मी पुसून टाकली, आता कोणतं गाणं कुणाचं ते कसं कळणार. भूमेश्वरी उठली. ती चपला न घालताच धुरपताबाईच्या घरी गेली आणि पेटीतून लुगड्याची गुंडाळी घेऊन आली. त्या डिस्कवर सगळी नावं होती, तिने अंगठ्याने टाइप केलेली, चुकीची-बरोबर, पण होती.

या वेळी दोघी जोडीने बसल्या. आईने सांगायचं, लेकीने करायचं. "लग्न" लिहिलेलं एका बाजूला, "वाली" लिहिलेलं दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक वालीचं वेगळं फोल्डर. ते होता होता भूमेश्वरीच्या डोक्यात उजेड पडला. गाणं गावात बसून राहत नाही. ते पोरीच्या जिभेवर बसून तिच्या सासरी जातं. म्हणजे बोदलकसात कोणकोणती गाणी गेली आहेत हे बघायचं असेल तर तिथे कोणकोणत्या गावच्या पोरी दिल्या आहेत ते बघायचं. ज्या गावची एकही पोरगी तिथे गेली नाही, त्या गावचं गाणं धनवंताबाईने ऐकलेलं असणार नाही.

हे कुणाला विचारायचं? नवरदेवाला. भूमेश्वरीने दुर्गेशला फोन लावला, साखरेसारखा गोड आवाज काढला आणि म्हणाली की भावकीतल्या सुनांना साड्या द्यायच्या आहेत, तर कोण कुठली ते जरा सांग ना बाबू, कोणाला विसरायला नको. तो गुणी पोरगा. त्याने काकू, वहिनी, चुलत वहिनी, आजी, पणजीपर्यंत सगळ्यांची माहेरं सांगितली. इकडे आचल तोंडात ओढणी कोंबून एकेक फोल्डर बाजूला सारत होती. कामठा गेलं. देवरी गेलं. गोरेगाव गेलं. आमगावच्या तर तिथे तीन निघाल्या, आणि भूमेश्वरीची स्वतःची सगळी गाणी पाण्यात गेली. शेवटी एकच फोल्डर उरलं.

मुर्रीवाली.

मुर्रीची पोरगी बोदलकसाला आजवर कुणी दिलीच नव्हती. पहिली आचल. आणि गंमत बघा, मुर्रीची गाणी मुर्रीतही कुणाला येत नव्हती, कारण मुर्रीत गाणाऱ्या सगळ्या आमगाववाल्या, देवरीवाल्या, बाहेरून आलेल्या. मुर्रीच्या लेकी आपली गाणी घेऊन बालाघाटकडे, लांजीकडे, कुठे कुठे निघून गेलेल्या. तिथल्या मांडवांत त्या गायल्या, कुणी ते यूट्यूबवर टाकलं, आणि भूमेश्वरीने ते कधीतरी भाकरी थापता थापता उतरवून ठेवलं होतं. आधीच्या फोल्डरात ती गाणी मुर्रीतल्याच लग्नांच्या व्हिडिओंत मिसळली होती, आणि घरचंच आहे म्हणून ते फोल्डर कुणी उघडून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी पडवीत पहिली गारी लावली. धुरपताबाई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने पदर डोळ्याला लावला. तिची सासू हे गाणं म्हणायची, तिने सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी ऐकलं होतं. सासूची नणंद बालाघाटला दिली होती.

"तिथं जाऊन राहिलं होतं हे," धुरपताबाई म्हणाली. "आमी समजलो, मेलं."

उरलेल्या दिवसांत बायांनी जेवणंखाणं विसरून मुर्रीवाली पाठ केली. लोकेंद्रला दोन दिवस सकाळचा भात रात्रीही मिळाला, पण तो त्याने गोड मानून खाल्ला. शहाणा झाला होता.

लग्नाच्या दिवशी वरात आली, लग्न लागलं, पंगत बसली. बोदलकसाचे व्याही मांडी घालून ओळीने, आणि त्यांच्या मागे त्यांच्या बाया, मधोमध धनवंताबाई. पान खाऊन लाल झालेलं तोंड, आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही. तिने आल्या आल्या विचारून घेतलं की डीजेवाला कुठे बसवलाय. तो मांडवाच्या कोपऱ्यात बसला होता, धनवंताबाईनेच सोबत आणलेला, उपयोगी पडेल म्हणून.

भूमेश्वरीने सुरुवात मुद्दाम जुन्या, साऱ्यांना येणाऱ्या गाण्यांनी केली. धनवंताबाई खुशीत आली. तिने एकाला दोन उत्तरं दिली. कामठ्याच्या गारी काढल्या, देवरीच्या काढल्या, तिच्या सुनांनी आमगावच्या उडवल्या. व्याह्याचं पोट झालं, मिशी झाली, पाय धुवायचं पाणी झालं. मुर्रीच्या बाया मध्येच अडखळायच्या, एकमेकींकडे बघायच्या, आणि बोदलकसाकडे हसू फुटायचं. पंगतीत वांग्याची भाजी दुसऱ्यांदा फिरली तोवर धनवंताबाईने जवळचं होतं नव्हतं ते उधळून टाकलं होतं. नेमकं तेच भूमेश्वरीला हवं होतं.

मग तिने धुरपताबाईकडे बघितलं आणि धुरपताबाईने मुर्रीची पहिली गारी उचलली. म्हाताऱ्या आवाजात, हळू. व्याही आले बैलगाडी भरून, गाडीत काय तर रिकामी ताटं. घरी भूक ठेवून आले नाहीत, सोबत घेऊन आले. बायांनी ओळ उचलली आणि मांडव दणाणला. पंगतीत एका व्याह्याच्या हातातला पापड तोंडापर्यंत जाता जाता थांबला. धनवंताबाईने उत्तराला तोंड उघडलं आणि मिटलं. हे तिने ऐकलं नव्हतं. तिने सुनांकडे बघितलं, सुनांनी तिच्याकडे. एकीने काहीतरी सुरू केलं, तर मुर्रीच्या बाया एका सुरात म्हणाल्या की हे झालं. दुसरीने सुरू केलं, तेही झालेलं. भूमेश्वरीने दुसरी गारी लावली, तिसरी लावली, चौथी लावली. वाढपी वाढायचं सोडून टाळ्या पिटू लागले. लोकेंद्रने तर व्याह्यांसमोरच फेटा हवेत उडवला.

बोदलकसाकडे सामसूम झाली. कोपऱ्यातल्या डीजेवाल्याला वाटलं आपली वेळ आली, त्याने बटणाकडे हात नेला. धनवंताबाईने हात वर करून त्याला थांबवलं. बाई मानी होती, हे कबूल करायला हवं.

ती उठली, पंगत ओलांडून भूमेश्वरीसमोर आली.

"हारलो, इहीनबाई," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. "पन हे गानी कोनाची होत? तू तं आमगाववाली. हे देवरीवाली. मुर्रीची गानारी कोन हाय अथी, या मांडवात?"

भूमेश्वरीने शेजारी हळदीने पिवळ्या झालेल्या आचलचा हात धरून तिला पुढे केलं.

धनवंताबाईने पोरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आपल्या सुनांकडे वळून म्हणाली, "पाहून राहिल्या का व? पुढच्या लग्नात आपल्याकडून गाईल ते हे. सरका, जागा द्या मुर्रीवालीले."

भूमेश्वरीने ते ऐकलं. पोरीला कुणी पहिल्यांदाच त्या नावाने बोलावलं होतं, आणि तेही मानाने, भर मांडवात. तिच्या डोळ्यातून पाणी आलं, ते तिने लपवलंही नाही. पदराने तोंड पुसलं, घसा साफ केला आणि धनवंताबाईच्या लाल तोंडावर, डीजेवाल्यावर आणि त्याच्या हवेत राहिलेल्या हातावर आणखी एक गारी लावली. ती कुठल्याच फोल्डरात नव्हती. तिथेच सुचली होती, आणि बायांनी दुसऱ्याच ओळीला ती उचलली.